माझं पुस्तक कोण वाचतंय हेच मला माहीत नव्हतं

ऑक्टोबर २०२३ मध्ये माझं पुस्तक छापून आलं. 'लाइनबॉक्स' नाव, म्हणजे गार्ड ड्युटीवर नेतो ती पेटी. माझे बाबा रेल्वेत गार्ड होते, भुसावळ हेडक्वार्टर, आणि आम्ही भावंडं रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, त्या सगळ्या दिवसांवरची ही कादंबरी. प्रकाशक मिळाला नाही म्हणून मीच छापलं. पाचशे प्रती, डीटीपी कव्हर बाइंडिंग सगळं धरून बासष्ट हजार रुपये, म्हणजे एक प्रत १२४ रुपयांना पडली. ट्यूशनच्या पैशातून साठवलेले होते ते. टेम्पोतून खोके उतरले तेव्हा बाबांनी एक प्रत हातात घेऊन नुसती उलटीसुलटी केली, वास घेतला आणि परत खोक्यात ठेवली, आणि मला वाटलं आता झालं, आता पुस्तक आपलं आपण जाईल लोकांकडे.

नाही गेलं. साठ प्रती नातेवाईक मैत्रिणी यांना भेट दिल्या, चार प्रती कायद्याप्रमाणे ग्रंथालयांना पाठवल्या (१९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते, स्वतः छापणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं), बत्तीस ओळखीत विकल्या. फेब्रुवारी २०२४ ला अंमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन होतं, प्रताप कॉलेजच्या आवारात, आपल्या खान्देशात संमेलन म्हणून मी किती आशेने गेले होते. ओळखीच्या एकांनी त्यांच्या स्टॉलवर जागा दिली. तीन दिवसांत अकरा प्रती गेल्या. लोक पुस्तक हातात घ्यायचे, विचारायचे, ताई कशावर आहे हो? आणि मी सांगायला लागायचे की तसं हे एका कुटुंबाचं आहे पण म्हणजे त्या काळाचंही आहे... तोवर माणूस पुढच्या स्टॉलवर. मला माझं पुस्तक एका वाक्यात सांगता येत नव्हतं. परत येताना हे फार लागलं मनाला.

एका दुकानाने वीस ठेवून घेतल्या, चाळीस टक्के कमिशनवर. गणित मी नंतर केलं. २५० किंमत, शंभर दुकानाचे, दीडशे माझे, त्यातले १२४ छपाईचे, राहिले सव्वीस. त्या सव्वीसमध्ये भुसावळहून जाण्यायेण्याचं भाडं. आठ महिन्यांनी सतरा प्रती परत आल्या, कोपरे दुमडलेल्या.

मग ३९० प्रती पलंगाखाली, आणि आई म्हणायची, "आपलंच पुस्तक आपणच विकत फिरायचं? चांगलं असेल तर लोक येतील ना विचारत." हे वाक्य मी बऱ्याच लिहिणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. बहिणाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. असोद्याचं माहेर, जळगावचं सासर, लिहितावाचता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरातली पोरं उतरवून घ्यायची. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यानंतर त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. म्हणजे एवढं सोनं, पण तेही कुणीतरी उचलून कुणाच्यातरी हातात द्यावंच लागलं. सोपानदेवांनी संकोच केला असता तर ती वही जळगावच्या घरात तशीच राहिली असती. मी माझी बरोबरी अजिबात करत नाहीये त्यांच्याशी. पण पुस्तक आपोआप पोचतं हे खरं नाही, कुणाला तरी ते न्यावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये भाच्याने मोबाइलवर एआयचं अॅप टाकून दिलं आणि म्हणाला, आत्या याला विचार. मी पहिल्यांदा काय लिहिलं तर, माझ्या कादंबरीची मराठीत जाहिरात लिहून दे. दहा सेकंदांत आलं. "रुळांवर धावणाऱ्या स्वप्नांचा एक हृदयस्पर्शी प्रवास! आजच आपली प्रत सुरक्षित करा!" वर रॉकेट, ट्रेन, हृदय. मला तेव्हा ते फार भारी वाटलं, खरं सांगते. लगेच फेसबुकवर टाकलं. संध्याकाळी बाबांच्या बरोबरचे एक रिटायर गार्ड, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांचा फोन. "काय वं पोरी, हे तू लिहेल नाही. तू असं नाही बोलत." बस एवढंच बोलले. मी ती पोस्ट काढली.

मग मला वाटलं याला पुस्तकच वाचायला द्यावं म्हणजे नीट लिहील. डीटीपीवाल्याकडून फाइल आणली, त्यातला मजकूर कॉपी करून टाकला तर सगळं अगम्य, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. कारण आपल्याकडे अजून कितीतरी डीटीपी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात होतं, ते युनिकोड (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरपद्धत) नाही, कागदावर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे माहीतच नसतं. आणि गंमत म्हणजे त्या कचऱ्यावरूनही एआयने मला पुस्तकाचा सारांश दिला! हिमाचलातल्या एका शिक्षिकेची गोष्ट. मी घाबरलेच. तेव्हा कळलं की याला नाही कळलं तरी हा "कळलं नाही" असं दरवेळी सांगत नाही. कन्व्हर्टरने फाइल युनिकोड करून घेतली, जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे झाले होते ते हाताने दुरुस्त केले, तीन आठवडे गेले त्यात. ज्यांचं पुस्तक आत्ता डीटीपीला आहे त्यांनी कृपा करून पहिल्याच दिवशी युनिकोड फाइल मागून घ्या, ईबुकलाही तीच लागते. मी एआयला फक्त तीनच प्रकरणं दिली, सगळं पुस्तक देणं मनाला पटलं नाही, आणि वाचकांची नावं आणि नंबर तर कधीच टाकले नाहीत. लोकांनी विश्वासाने फोन केलेले असतात.

त्या तीन प्रकरणांवरून त्याने लिहिलेलं थोडं बरं होतं, पण त्यात एक ओळ, "समीक्षकांनी गौरवलेली आणि वाचकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादाने गाजलेली कादंबरी". कोण समीक्षक? एकाही समीक्षकाने माझं पुस्तक उघडलेलं नाही. दुसऱ्या वेळी तो म्हणाला की मी तुम्हाला दहा वेगवेगळ्या वाचकांच्या नावाने अभिप्राय लिहून देऊ शकतो, मित्रमैत्रिणींना ऑनलाइन टाकायला सांगा. मी नाही म्हटलं. पुस्तकात मी खोटं लिहिलं नाही, पुस्तकाबद्दल खोटं कसं लिहू. आणि हे असले अभिप्राय पकडले गेले तर विक्रीच्या साइटी काढून टाकतात ते वेगळंच.

आमची बोली पण करून बघितली. म्हटलं भुसावळकडची लेवा बोली येते का, एक छोटी पोस्ट लिही. त्यात थोडी अहिराणी, थोडी वऱ्हाडी आणि थोडी सिनेमातल्या पाटलाची भाषा अशी खिचडी आली. "कामून" एका जागी बरोबर होता. अहिराणी वेगळी, आमची वेगळी, धुळ्याकडचा माणूस आणि यावलकडचा माणूस तोंड उघडल्याबरोबर ओळखू येतो, ते त्याला कुठून कळणार, लिहिलेलंच कमी आहे आपलं. तेव्हापासून बोलीतलं सगळं मी स्वतः लिहिते. चित्राचंही तसंच झालं. गार्डचं चित्र मागितलं तर कोळशाच्या इंजिनात उभा असलेला, मिशीवाला, इंग्रजांच्या वेळचा माणूस, आणि डब्यावर देवनागरीसारखं दिसणारं पण काहीच न वाचता येणारं. गार्ड इंजिनात कधी असतो? गार्ड शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये! शेवटी मी माळ्यावरून बाबांची खरी पेटी काढली, काळी, तिच्यावर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव आणि खाली 'गार्ड, बीएसएल' (बीएसएल म्हणजे भुसावळ), पुसून अंगणात उन्हात ठेवली आणि मोबाइलने फोटो काढला. आजपर्यंत सगळ्यात जास्त फिरलेला फोटो तोच आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो भाग. मार्चमध्ये एका रात्री मी कंटाळून त्याला लिहिलं, तू मला काही लिहून देऊ नको, तू मला प्रश्न विचार, एका वेळी एकच, आणि माझं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नको. हे कसं सुचलं माहीत नाही, बहुतेक ट्यूशनमुळे, पोराला गणित येत नसेल तर मी तेच करते. त्याने विचारलं पुस्तक कशावर आहे, किती पानं आहे वगैरे, मग चौथा की पाचवा प्रश्न असा होता की हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून तुम्हाला स्वतःहून कोणी कोणी कळवलं, आणि ते लोक काय करतात?

मी वही घेऊन बसले. मोबाइलमधले फोन मेसेज आठवून आठवून लिहिले. सदतीस जण निघाले. त्यातले एकोणतीस रेल्वेचे! कुणी ड्रायव्हरची मुलगी, कुणी स्टेशन मास्तरचा जावई, कुणी लोको शेडमधून रिटायर, एक बाई तर पीओएचमधल्या (इंजिनं दुरुस्त करायच्या रेल्वे कारखान्यातल्या) फिटरची बायको, सातवी शिकलेली, तिने दोन दिवसांत वाचलं होतं. आणि मी दीड वर्ष कुणाशी बोलत होते तर "साहित्यरसिकां"शी. माझ्या प्रत्येक पोस्टची सुरुवात तीच असायची, नमस्कार साहित्यरसिकहो. जे वाचत होते त्यांच्यातलं कुणी स्वतःला साहित्यरसिक म्हणवून घेत नव्हतं. त्यांना वाटत होतं हे आपल्या घराचं पुस्तक आहे.

त्या रात्री मला झोप नाही आली. उत्तर माझ्याच मोबाइलमध्ये होतं, पण तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग कामाला लागले. आता मी त्याला सांगताना असं सांगायचे की माझा वाचक साठ ते ऐंशी वयाचा आहे, रेल्वेतून रिटायर, भुसावळ मनमाड इगतपुरी कल्याण नागपूर इकडे राहतो, व्हॉट्सअॅप बघतो, बारीक अक्षर वाचता येत नाही, ऑनलाइन पेमेंटला घाबरतो. तो आधी जे सांगायचा, इन्स्टाग्राम रील करा, ईमेल न्यूजलेटर काढा, ते सगळं बंद झालं. माझ्या वाचकांपैकी निम्म्यांनी ईमेल फक्त पेन्शनच्या फॉर्मवर लिहिण्यापुरता काढलेला आहे. त्याऐवजी आवाजाचे मेसेज असं ठरलं. मी पुस्तकातला एक मिनिटाचा तुकडा माझ्या आवाजात वाचायचा आणि पाठवायचा. तुकडे निवडायला मी त्याला सांगितलं तर त्याने निसर्गवर्णनं काढली, तापीवरचा सूर्यास्त वगैरे. मी निवडला कॉलबॉयचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालगाडीला वेळापत्रक नसतं, ड्युटीच्या साधारण दोन तास आधी ऑफिसचा माणूस कॉलबुक घेऊन घरी यायचा आणि सही घेऊन जायचा, रात्रीचे दोन असो की तीन. दाराची कडी वाजली की आई आधी उठायची, स्टोव्ह पेटायचा, मग आम्ही जागे, आणि ज्याला कॉल आला तो बाप शेवटी उठायचा. हा तुकडा गेला आणि फोनच फोन. इगतपुरीचे एक काका फोनवर काहीच बोलेनात, मग म्हणाले, ताई, ती कडी.

शब्दांचंही एक सांगते. एआय सारखा 'ट्रेन मॅनेजर' लिहायचा. चूक नाहीये ते, जानेवारी २०२२ पासून रेल्वेने गार्ड हे पद बदलून ट्रेन मॅनेजर केलंय. पण ज्यांनी पस्तीस वर्ष गार्ड म्हणून नोकरी केली, गल्लीत ज्यांना गार्डसाहेब म्हणत, त्यांच्यासाठी तो शब्द परका आहे. असं प्रत्येक ओळीत बघावं लागतं. तो माहिती बरोबर देतो आणि शब्द चुकतो.

आणि कधी माहितीही चुकते. पुस्तक पाठवायचा खर्च काढताना त्याने रजिस्टर्ड बुक पॅकेटचा स्वस्त दर धरून दिला, मी त्यावर घरपोच किंमत जाहीर करून टाकली. पोस्टात गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ताई ते डिसेंबर २०२४ लाच बंद झालं. त्या बाईंनीच मग वजन करून, कागदावर सगळे दर लिहून दिले. तेरा पुस्तकं मी तोट्यात पाठवली, जाहीर केलेली किंमत बदलणं बरं दिसलं नसतं. पैसे, नियम, दर हे आता मी खिडकीवर जाऊनच विचारते. आयएसबीएनचंही (पुस्तकाचा ओळख क्रमांक असतो तो) तेच, पुस्तक छापून देण्याचं पॅकेज विकणाऱ्या एकाने मला त्याचे वेगळे पाच हजार सांगितले होते, पण आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करायचा, थोडे दिवस थांबायचं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हेही लक्षात ठेवा.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते मी, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, ग्रुप नाही. ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगच्या खाली पुस्तक गाडलं जातं. ब्रॉडकास्टला २५६ जणांची मर्यादा आहे आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, त्यामुळे प्रत्येकाला फोन करून 'काका माझा नंबर सेव्ह करा' सांगावं लागलं. त्या फोनमध्ये पुस्तकापेक्षा जास्त गप्पा व्हायच्या, कुणाचा गुडघा, कुणाची सून. पण त्यातूनच पुढचे तुकडे कुठले वाचायचे ते कळत गेलं. १६ एप्रिलला, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली तो दिवस, त्या दिवशी पेटीचा फोटो आणि पेटीत काय काय असायचं ते लिहून टाकलं, लाल हिरव्या झेंड्या, हातदिवा, रुळावर लावायचे धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, नियमांचं पुस्तक, आणि आईने कोपऱ्यात ठेवलेली शेंगदाण्याची चटणी. ही पोस्ट मी लिहिली, एआयने फक्त लांबी कमी केली आणि शुद्धलेखन बघितलं. एका दिवसात चोवीस ऑर्डरी.

नोव्हेंबरात पेन्शनर लोक हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात, हे वर्षभरात कधी काय करायचं त्याचं कॅलेंडर करताना मीच त्याला सांगितलं, आणि त्याने लगेच सुचवलं की तिथे येणाऱ्यांना देता येईल असा मोठ्या अक्षरातला एकच कागद करा. तो केला. एका बाजूला पेटीचा फोटो, मागे कॉलबॉयचा तुकडा, खाली नंबर. बँकेबाहेरच्या चहावाल्या भाऊंनी गल्ल्याजवळ ठेवू दिले.

आणि डिसेंबरात भरीत पार्टी. एआयने 'पुस्तक चर्चेचा कार्यक्रम एखाद्या कॅफेत' असं सुचवलं होतं, मी त्याला सांगितलं आमच्याकडे थंडीत लोक शेतात जमतात, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजतात, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी असते, हिरव्या मिरचीचं भरीत असतं. नानांच्या पुतण्याच्या शेतात, सत्तर ऐंशी माणसं, सगळी रेल्वेची. जेवणाआधी मी दहा मिनिटं वाचलं, माइक नव्हता. बाबा खुर्चीवर बसले होते, मी 'गार्डसाहेबांनी शिटी मारली' वाचलं तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने खरंच तोंडाने शिटी वाजवली आणि बाबांनी हात वर केला, झेंडी दाखवतात तसा. त्रेचाळीस प्रती गेल्या. पैसे मोजायला माझी मुलगी बसली होती.

आता पलंगाखाली अडतीस प्रती राहिल्यात. ईबुक किंडलवर टाकलंय, तिथे मराठी चालतं, पण ते घेणारे बहुतेक या लोकांची बाहेरगावची मुलं आहेत, आकडा छोटा आहे. दुसरी आवृत्ती छापायची ठरलीय, अक्षर चौदा पॉइंट, पानं वाढतील, खर्च वाढेल, पण नाना म्हणाले मी भिंग घेऊन वाचलं वं पोरी, ते ऐकल्यावर दुसरा विचारच नाही. वाचकांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त करायच्यात, अकरा आहेत, त्यातली एक होम सिग्नल आणि आउटर सिग्नलच्या घोळाची, तिच्यावर तर तीन काकांचे वेगवेगळे फोन आले.

परवा नाना पासवर कल्याणला लेकीकडे चाललेत, दहा प्रती ते नेणार आहेत, पिशवीला कडीचं कुलूप लावतो म्हणालेत. आणि मी रविवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने मनमाडला, वीस प्रती घेऊन, तिथे पेन्शनर लोकांची बैठक आहे. आत्ता वाचायचा तुकडा निवडत बसलेय. एआय म्हणतोय रनिंग रूमचा (बाहेरगावी गार्ड-ड्रायव्हर आराम करतात ती जागा) वाचा, बाबा म्हणतायत मनमाडला जातेस तर मनमाडच्या यार्डातला वाच. बाबांचाच घेतलाय.